हाती-हाती

मराठी माणसाला इंडोनेशियन भाषा थोडीफार येतच असते, फक्त ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं. खुर्चीला तिकडे कुर्सी म्हणतात, टोपीला तोपी, काचेला काचा. नाव ते नामा, अंक तो आंका आणि भाषा ती बाहासा. पुण्यातल्या प्रशिक्षण केंद्रात पहिल्या दिवशी हे ऐकल्यावर वर्गातल्या मंडळींना आधी गंमत वाटली आणि मग ती जरा शेफारली. बोलण्याला तिकडे 'बिचारा' म्हणतात हे कळल्यावर साताऱ्याचा एक वेल्डर म्हणाला, की आमच्या घरात बोलणारा बिचाराच असतो. बायकोला 'इस्त्री' म्हणतात हे कळल्यावर मात्र तो गप्प बसला, कारण ती कपड्यांची की संसाराची हे घरी फोनवर कसं समजावायचं याचा त्याला घोर लागला.

डॉ. शबनम तांबोळी सगळ्यांचं हसून होईपर्यंत थांबल्या. बाई मेंदूच्या अभ्यासक, पण बोलायच्या शेजारणीसारख्या.

"शब्द डोक्यात शिरला की आधी तिथं ओळखीचं कुणी दिसतंय का ते बघतो," त्या म्हणाल्या. "आपण लग्नाला एकटे गेलो की बघतो तसं. ओळखीचं माणूस सापडलं की त्याच्या शेजारची जागा धरतो. नाही सापडलं तर जेवून, आहेर देऊन निघून जातो. पाठ केलेले शब्द विसरतात ते असे."

मग त्यांनी पट्टी दाखवली. कपाळाभोवती बांधायची, मऊ, राखाडी, डोकेदुखीला बांधतात तशी. दिवसा तुम्ही नवा शब्द ऐकायचा. त्या क्षणी तुमच्या मेंदूतला कुठला जुना शब्द जागचा हलला, हे पट्टी टिपून घेई. रात्री गाढ झोपेत मेंदू दिवसभराच्या आठवणी स्वतःच पुन्हा एकदा चाळत असतो. नेमकी ती वेळ साधून पट्टी तो नवा आणि तो जुना शब्द हलक्या आवाजात, विजेच्या बारीक ठोक्यांबरोबर, जोडीनं वाजवायची. चार-सहा झोपांत नवा शब्द जुन्याच्या खुंटीला पक्का टांगला जाई. पुढे वापरानं तो आपल्या पायांवर उभा राहतो आणि खुंटी आपोआप गळून पडते, असं बाईंचं म्हणणं.

"आणि नाही गळली तर?" मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं.

"तर जुन्या शब्दाची जरा आठवण येत राहील. त्यानं कुणाचं काही बिघडत नाही," तांबोळी बाई म्हणाल्या, आणि त्यांना तेव्हा ते खरंच तसं वाटत होतं.

ती मुलगी म्हणजे शमिका गवस. दोडामार्गाकडच्या एका वाडीतली, आयटीआयमधून इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होऊन काजूच्या कारखान्यात बॉयलर सांभाळणारी. काजूत तिला काडीचा रस नव्हता, सगळा जीव वाफेत. दाबाचा काटा हळूहळू चढताना बघत ती तासन्‌तास उभी राहू शकायची आणि दाब चुकला तर काट्याकडे न बघता, नळाच्या नुसत्या आवाजावरून ओळखायची. जावा बेटावर जमिनीच्या पोटातल्या उष्णतेवर वीज करणाऱ्या केंद्रांना माणसं हवी आहेत, असं कळलं त्याच दिवशी तिनं अर्ज केला. तिकडची तरुण मंडळी शहरातल्या थंड कचेऱ्यांत निघून गेली होती आणि डोंगरावरच्या गरम नळांपाशी कुणी राहायला तयार नव्हतं. शमिकाला दुसरं काही नकोच होतं.

वर्गात इस्पितळाचे शब्द, हॉटेलाच्या स्वयंपाकघराचे शब्द, कचेरीचे शब्द असे वेगवेगळे गट होते. शमिकानं कारखान्याचा गट घेतला. ऊआप म्हणजे वाफ, सुमुर म्हणजे विहीर, कातुप म्हणजे झडप, बाहाया म्हणजे धोका. 'हाती-हाती' म्हणजे सांभाळून. 'पानास' म्हणजे गरम. शेवटच्या परीक्षेत तिचा एकही शब्द चुकला नाही आणि सगळ्यात लवकर तीच मोकळी झाली.

*

केंद्र होतं मध्य जावातल्या उंच पठारावर. भोवती बटाट्याची शेतं, सकाळी दाट धुकं, आणि त्या धुक्यात चांदीच्या रंगाचे जाडजूड नळ डोंगरावरून खाली उतरलेले. जमिनीत दीड-दोन किलोमीटर खोल भोक पाडून तिथलं उकळतं पाणी वर आणायचं, त्यातली वाफ वेगळी काढून चक्र फिरवायचं आणि निवलेलं पाणी पुन्हा खाली सोडायचं, असा तिथला कारभार. फाटकावरची पाटी बघून शमिकाला हसू फुटलं आणि पोचल्याचा फोन करताना तिनं पहिलं तेच सांगितलं.

"बाबा, हयसर दारार पाटी आसा. 'पानास बुमी'."

"पणसभूमी?" पलीकडून लाडू गवसांनी विचारलं. त्यांच्याकडे फणसाला पणस म्हणतात.

"तसाच आयकूक येता. पण पानास म्हणजे गरम. जमिनीतली ऊब."

"म्हणजे थंय पणस नाय?"

"आसत. पण तेंका नांका म्हणतत."

"नांका?" लाडू गवस विचारात पडले. त्यांच्याकडे 'नको'ला नाका म्हणतात. "खावक नाका म्हणान सांगतत की काय?"

लाडू गवस म्हणजे नावावरून जी अंगकाठी डोळ्यांसमोर येईल तिच्या बरोबर उलट. साठीला टेकलेला हा सडसडीत माणूस अजून अर्ध्या वाडीचे फणस उतरवून द्यायचा. शमिकाची आई ती सात वर्षांची असताना तापानं गेली, तेव्हापासून घरात ही दोघंच. रोज संध्याकाळी फोनवर लेकीनं एक शब्द सांगायचा आणि बापानं त्याची टर उडवायची, असा त्यांचा पायंडा पडला.

काम शमिकाला मानवलं. तिचा वरिष्ठ पाक सुगेंग हा पन्नाशीचा, कमी बोलणारा फोरमन. तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला पाक म्हणतात, मोठ्या बाईला बू आणि ताईला म्बाक. नळ ठोकून आवाजावरून दोष सांगणारी ही परकी पोरगी त्याला पहिल्याच आठवड्यात आवडली, पण तसं त्यानं बोलून दाखवलं नाही. फक्त अवघड विहिरीपाशी जाताना तो तिला बोलवायला लागला.

मग एका सकाळी ते घडलं. मुख्य नळाखाली साठलेलं पाणी सोडून द्यायची एक तोटी असते. ती अडकली होती म्हणून सुगेंग पान्यानं सैल करत होता आणि शमिका त्याच्या मागे दोन पावलांवर होती. तोटी एकदम सुटली. उकळत्या पाण्याचा फवारा उडाला आणि सुगेंग ओरडला, "हाती-हाती, पानास."

सांभाळ, गरम आहे. असं ऐकलं की माणूस मागे सरतो. शमिका पुढे झाली. दोन्ही तळवे वर करून, कुणीतरी काही तरी देत असल्यासारखे पसरून, ती थेट फवाऱ्याकडे गेली. सुगेंगनं हात आडवा घालून तिला ढकललं म्हणून ती वाचली. त्याचा हात मात्र कोपरापासून मनगटापर्यंत भाजला.

दवाखान्यात मलम लावून घेताना त्यानं शांतपणे विचारलं, "पुढे का आलात, म्बाक?"

"मला माहीत नाही, पाक."

"शब्द कळला नाही?"

"कळला. सांभाळा, गरम आहे."

"मग?"

शमिकानं नुसती मान हलवली. सुगेंग म्हणाला, "तिदाक आपा-आपा." म्हणजे, असू दे, काही नाही. तिकडची माणसं पाय मोडला तरी हेच म्हणतात. पण शमिकाला त्याच्या हातावरची सोललेली कातडी दिसत होती आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःवर पाळत ठेवू लागली. फाटकावरचा पहारेकरी संध्याकाळी घरी जाणाऱ्या प्रत्येकाला 'हाती-हाती दी जालान' म्हणायचा, म्हणजे वाटेत जपून. तिकडे निरोपच तसा घेतात. त्यानं ते म्हटलं आणि शमिकाचा उजवा हात आपोआप त्याच्यापुढे पसरला. त्यानं गोंधळून इकडेतिकडे पाहिलं आणि खिशातले शेंगदाणे काढून तिच्या हातावर ठेवले. ती ते खात खोलीवर आली. तिला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती.

उलगडा झाला तो केंद्राच्या खानावळीत. आचारीणबाई रश्श्याचं भलं मोठं पातेलं घेऊन बाकांमधून येत होती. वाट काढण्यासाठी ती गाणं म्हटल्यासारखं म्हणत होती, "पानास, पानास, हाती-हाती." घाईत तिकडच्या बायका तो 'पानास' असा काही तोडतात की ऐकणाऱ्याला पणसच ऐकू यावा. शमिकाचे दोन्ही हात वर आले. या वेळी तिनं ते खाली घेतले नाहीत, तसेच धरून डोळे मिटले. आणि तिला खोबरेल तेलाचा वास आला.

घराखालच्या उतारावरचं फणसाचं झाड. बाबा वर. फणस आपटून फुटू नये म्हणून ते दोर लावून खाली सोडायचे आणि खालून घरापर्यंत वाडीतल्या बायका-पोरांची रांग लागलेली असायची. "पणस," बाबा वरून ओरडायचे. "हाती-हाती," खालून सगळ्या म्हणायच्या, आणि फणस या हातातून त्या हातात देत वर न्यायचा. चीक चिकटू नये म्हणून सगळ्यांचे हात खोबरेलानं माखलेले. शमिका रांगेतली सगळ्यात लहान. तिच्या हातांवर फणस आला की त्याचे काटे तळव्यांना टोचायचे आणि त्याच क्षणी तिच्या हातांखाली दुसरे दोन हात यायचे, तेलानं बुळबुळीत आणि उबदार. फणसाचं सगळं वजन ते हात घ्यायचे. तिला वाटायचं आपणच पेलला.

आईचे हात होते ते. आईचा चेहरा तिला फोटोमुळे माहीत होता, आवाज एका जुन्या चित्रफितीमुळे, स्वभाव बाबांच्या सांगण्यामुळे. कुणी न सांगितलेली, स्वतःची म्हणावी अशी आईची एवढी एकच आठवण तिच्याकडे होती. पातेलं पुढे निघून गेलं तरी शमिका हात धरून तशीच बसली होती आणि समोरचा माणूस तिला विचारत होता, की तुम्ही प्रार्थना करताय का.

*

शमिकानं पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. तांबोळी बाईंनी तिच्या पट्टीच्या नोंदी उघडल्या आणि दोनदा वरपासून खालपर्यंत वाचल्या.

"चूक आमची आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "चाचणीला आम्ही पुण्याची, नाशिकची, नागपूरची माणसं घेतली होती. त्यांच्या डोक्यात फणस असतो. पणस एकाच्याही डोक्यात नव्हता. तुमच्या पट्टीनं इमानानं जवळात जवळची खुंटी शोधली. दोन्ही शब्द एकाच आठवणीत सापडले, मग तिला आणखी काय हवं होतं? पण ही खुंटी शब्दाची नाही, हातांची आहे. शरीरात शिकलेली गोष्ट विचार करायला थांबत नाही. अर्थ तुम्हाला कळतो, पण हात त्याच्या आधी निघालेले असतात."

"आणि ही खुंटी गळणार नाही?"

"इतक्या वर्षांत जी गळली नाही ती आता कशी गळेल?" बाई म्हणाल्या. मग त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे वाफेजवळ जायचं नाही, कचेरीत बसायचं. तिथं हात पुढे झाले तर फार तर कुणी शेंगदाणे ठेवेल. दुसरी वाट म्हणजे जुनी आठवण सैल करायची. आठवण पूर्ण बाहेर काढली की काही तास ती ओल्या मातीसारखी मऊ असते, आणि त्या वेळात तिचा आकार बदलता येतो. आठवण सगळी, बारीकसारीक तपशिलांसह, एकदा जागी करायची आणि त्यानंतरच्या झोपेत पट्टीनं तिचा हातांशी असलेला धागा सोडवायचा.

"मग मी विसरेन?"

"असं काही तरी होत असे, हे माहीत राहील. कुणी सांगितलेल्या गोष्टीसारखं. बारकावे जातील. हातांना काही ठाऊक राहणार नाही." बाईंनी चष्मा काढला. "मी तुम्हाला हे करा असं सांगणार नाही, शमिका. मला आई आहे अजून."

केंद्राच्या प्रमुख बू एंडांग यांनी तिला मोठ्या मायेनं कचेरीत जागा दिली. तिथले शब्द शमिकाला येत नव्हते. ते ती पट्टीशिवाय शिकली, लहान मूल शिकतं तसं, चुकत आणि विचारत. बैठक म्हणजे रापात, पत्र म्हणजे सुरात, जादा काम म्हणजे लेंबुर. सगळी माणसं चांगली होती, खिडकी मोठी होती आणि खिडकीतून नळ दिसायचे. एका दुपारी वरच्या विहिरीचा आवाज बदललेला तिला बसल्या जागी ऐकू आला. तिनं धावत जाऊन सांगितलं तेव्हा माणसं आधीच तिकडे गेलेली होती. ती परत येऊन खुर्चीवर बसली. त्या दिवशी तिला पहिल्यांदा घरी जावंसं वाटलं.

पण दुसऱ्या वाटेचा विचार आला की तिला स्वतःची लाज वाटे. एका नळासाठी आईला टाकायचं?

*

"काय गो, आज शब्द नाय?" लाडू गवसांनी विचारलं.

शमिकानं सगळं सांगितलं. फवारा, सुगेंगचा हात, खानावळ, तेलाचा वास, तांबोळी बाईंच्या दोन वाटा. लाडू गवसांनी मध्ये एकदाही टर उडवली नाही.

"कचेरीत बरा वाटता तुका?" त्यांनी विचारलं.

"नाय."

"मगे?"

"मगे आये जाता, बाबा."

"खंय जाता?"

"माझ्याकडसून जाता. माझ्याकडे तिचा तेवढाच आसा."

लाडू गवस खाकरले. रडू आलं की ते खाकरत, हे लेकीला ठाऊक होतं आणि लेकीला ठाऊक आहे हे त्यांनाही.

"ह्या बग," ते म्हणाले, "तू खाली होतंस. तुका फक्त हात गावले. मी वयर होतंय, झाडार. माका वयरसून सगळा दिसायचा. तुझे ते एवढेशे हात, आनि खाली तिचे. पणस जड आसलो की तुझा त्वांड कसा व्हायचा, आनि ती कशी हसायची तुझ्या मागसून, ता तुका म्हायत नाय. तू बघूकच नाय कधी. माका म्हायत आसा. म्हणजे तुझ्यापरास जास्तच आसा माझ्याकडे."

शमिकानं फोन दोन्ही हातांत धरला.

"वीस वर्सां धरून ऱ्हवलंस. दमलंस आता. माझ्याकडे दी."

"बाबा..."

"दी गो. हाती-हाती. मी घेतंय."

शमिकाला हुंदका आवरला नाही. लाडू गवस पलीकडे खाकरत राहिले.

त्यासाठी रविवारची संध्याकाळ ठरली. शमिकानं खोलीत पट्टी बांधली. पडद्याच्या एका कोपऱ्यात तांबोळी बाई होत्या, आवाज बंद करून, नुसत्या नोंदी बघत. आठवण पूर्ण जागी करण्यासाठी ती कुणी तरी बोलून दाखवली तर बरं, असं त्यांनीच सुचवलं होतं. तेव्हा गोष्ट सांगायला लाडू गवस बसले होते आपल्या अंगणात, फोन समोर ठेवून, नवा सदरा घालून, कारण त्यांना वाटलं होतं की पुण्याच्या बाईही बघणार.

त्यांनी घाई केली नाही. झाडाची कुठली फांदी, दोर कुणाच्या घरचा, रांगेत कोण कोण, कोण पायात काटा मोडला म्हणून मध्येच बसलं, हे सगळं आलं. आई निळ्या लुगड्यात होती हे आलं. तिनं घरातली तेलाची बाटली संपवली म्हणून आजी करवादली, हे शमिकाला नवीनच होतं. मग ते म्हणाले, "मी वयरसून आरड मारलंय, पणस," आणि शमिकाचे हात वर आले. काटे टोचले. खालून ते दोन हात आले. आणि या वेळी बाबांच्या डोळ्यांनी तिला मागे उभी असलेली आईही दिसली, मान वाकवून लेकीच्या टाळूकडे बघत हसणारी. इतकी स्पष्ट ती कधीच दिसली नव्हती. शमिकाला फार आनंद झाला, आणि आपण हे द्यायला बसलो आहोत हे आठवून तो आनंद छातीत टोचला.

"घेतलंस, बाबा?" तिनं डोळे न उघडता विचारलं.

"घेतलंय," लाडू गवस म्हणाले. "नीज आता."

*

वाफेच्या कामावर परत येण्याआधी तिची परीक्षा झाली. सुगेंगनं हाताच्या नव्या गुलाबी कातडीवर बाही ओढून घेतली, गार पाण्याची तोटी उघडली आणि अवचित ओरडला, "हाती-हाती, पानास." शमिका दोन पावलं मागे गेली होती आणि तिचा हात झडपेच्या चाकावर होता. सुगेंगनं मान हलवली. "बागुस," तो म्हणाला, म्हणजे छान, आणि कामाला लागला.

तिनं वासाची वाट पाहिली. वास आला नाही. तिथं गंधक होतं, ओली माती होती, बाकी काही नव्हतं. तिला हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याबद्दल वाईट वाटलं, आणि मग वरच्या विहिरीच्या नळातून एक बारीक शिटी ऐकू आली तेव्हा ती हातातलं सगळं टाकून तिकडे पळाली. दिवसभर तिला दुसरं काही सुचलं नाही. ते काम तिच्या आवडीचं होतं आणि ते तिला परत मिळालं होतं.

महिने गेले. तिकडे फणस पिकायच्या दिवसांत लाडू गवसांनी एका संध्याकाळी फोन केला, हात अजून चिकानं चिकट आहेत म्हणून कानाला न लावता, अंगणातल्या बाकावर ठेवून. औंदा फळ बरं धरलंय, म्हणाले. रांगेला पोरं मिळत नाहीत, फणस एकेक करून घरापर्यंत वर वाहून न्यावे लागतात. वाडीतल्या कोण कोण बायका आल्या होत्या त्यांची नावं त्यांनी घेतली. शमिका ऐकत होती. तिला ते ऐकायला बरं वाटत होतं, दुसऱ्या कुणाच्या गावची गंमत ऐकावी तसं.

मग तिनं सहज विचारलं, "बाबा, आये खंय उबी रवायची?"

पलीकडे काहीच आवाज आला नाही. जिला ठाऊक आहे ती हे विचारत नाही, हे लाडू गवसांना कळायला तेवढा वेळ लागला. शमिकालाही त्या शांततेत कळलं, आपण काय विचारलं ते. तिनं आपले दोन्ही तळवे समोर धरून पाहिले. त्यांवर नळांच्या कामाचे घट्टे होते.

"तुझ्या मागसून," लाडू गवस म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा होता. "तुझ्या हातांखाली हात धरून. खोबरेल लावायची. पयला तुझ्या हातांक लावायची, मगे आपल्या."

"माझ्या पयला?"

"तर. तू नाचायचंस, माका नाका म्हणान."

शमिकानं फोन मांडीवर घेतला आणि भिंतीला टेकून बसली.

"सुरवातीपासून सांग," ती म्हणाली.

लाडू गवस एकदा खाकरले आणि झाडाच्या कुठल्या फांदीवर ते बसले होते तिथून त्यांनी सांगायला सुरुवात केली.